बोटाच्या जागी आलेला रिले

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. नाव ऐकून तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तर त्यात तुमचा दोष नाही. आम्ही नेहमी कुठल्यातरी पेटीच्या आत बसलेले असतो आणि बिघाड झाल्याशिवाय कोणी आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मी काडेपेटीएवढा आहे. माझ्या पारदर्शक टोपीखाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी आहे, एक लोखंडी पट्टी, एक स्प्रिंग आणि दोन चकचकीत टिकल्या आहेत. गुंडाळीत थोडीशी वीज आली की तिचं लोहचुंबक होतं, पट्टी ओढली जाते, टिकल्या एकमेकींना भेटतात आणि 'टक्' असा आवाज होतो. टिकल्या भेटल्या की दुसरीकडचं मोठं यंत्र सुरू होतं. इकडची वीज तिकडे जाऊ द्यायची नाही, निरोप मात्र पोचवायचा, हे माझं काम. अबोला धरलेल्या दोन भावांच्या मध्ये एखादी शहाणी आत्या असते ना, तसंच काहीसं.

माझी उमेदीची वर्षं एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये गेली. दार उघडायचं, दार मिटायचं. लिफ्टची देखभाल करायला एक मुलगी यायची. माझी टोपी पुसताना ती म्हणायची, "हा गडी कधी दगा देत नाही." हे ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचो. पुढे नवी लिफ्ट आली आणि आमची सगळी पेटी भंगारात निघाली. त्या मुलीने मला तेवढं उचलून पिशवीत टाकलं, घरी नेलं आणि गंजक्या स्क्रूंच्या खणात ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. खणात अंधार होता आणि स्क्रूंशी बोलण्यासारखं काही नव्हतं. आपलं आयुष्य संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

खण उघडला तेव्हा त्या मुलीचं लग्न झालेलं होतं आणि तिला सगळे सूनबाई म्हणत होते. तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, पत्रा कापायचं छोटं वर्कशॉप होतं. फाटकं, जाळ्या, कठड्यांवरची नक्षी ते प्लाझ्मा कटरने कापायचे. हा कटर म्हणजे वीज आणि दाबाची हवा यांच्या जोरावर लोखंड लोण्यासारखं कापणारं यंत्र. त्याची टॉर्च, म्हणजे ज्वाळा सोडणारी नळी, हातात धरायची, खटका दाबून ठेवायचा आणि रेघेवरून हात फिरवायचा. जन्मभर बाबांचा हात त्या रेघेवरून हलला नव्हता. पण आता त्या हाताला कंप सुटला होता. बोट खटक्यावरून निसटायचं, ज्वाळा विझायची, पत्र्याच्या कडेला दाते पडायचे. बाबा कामावर यायचे, टॉर्च उचलायचे, परत ठेवायचे आणि दिवसभर झाडू मारत बसायचे. वर्कशॉप आधीच इतकं स्वच्छ होतं की झाडायला काही उरलं नव्हतं.

सूनबाईला हे बघवेना. तिने लिफ्टच्या कामातून वेळ काढून एक टेबल उभं केलं. संगणकात आकृती काढायची, कंट्रोलर नावाची छोटी पेटी ती वाचणार आणि मोटारी टॉर्चला त्या आकृतीवरून फिरवणार. राहता राहिला खटका. तो दाबायला माणूस नको होता. कंट्रोलरचा नाजूक इशारा तिने माझ्या गुंडाळीला जोडला आणि खटक्याच्या दोन तारा माझ्या टिकल्यांना.

"म्हणजे माझ्या बोटाच्या जागी ही डबी?" बाबांनी वाकून विचारलं.

"डबी नाही हो बाबा, रिले. भरवशाचा आहे."

"असेल बाई," बाबा म्हणाले आणि झाडू शोधायला गेले. मला फार वाईट वाटलं. कोणाची जागा घ्यायची मला हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूनबाई लिफ्टच्या कामाला गेली. टेबलाखाली तारा सैल लोंबत होत्या आणि बाबांना पसारा मुळीच खपत नसे. त्यांनी सगळ्या तारा एकत्र घेतल्या, टॉर्चच्या जाड केबललगत सरळ केल्या आणि बोटभर अंतरावर एकेक प्लास्टिकचा बंध ओढून अशी देखणी जुडी बांधली की बघत राहावं. थरथरत्या हातांनी प्रत्येक बंध ओवायला किती वेळ लागत होता, ते मी पाहत होतो. अशी माणसं उगाच वर्कशॉप चालवत नसतात, मित्रांनो.

संध्याकाळी सूनबाईने पहिला पत्रा लावला. मी 'टक्' केलं, ज्वाळा पेटली, टॉर्च वीतभर चालली आणि जागच्या जागी थांबली. कंट्रोलर गोठला होता. मला मात्र 'सोड' असा हुकूम आला नव्हता, म्हणून मी टिकल्या धरूनच होतो. पत्र्याला भसकन भोक पडलं आणि ठिणग्या खाली सांडू लागल्या. सूनबाईने धावत जाऊन लाल बटण दाबलं. माझी वीज तुटली, मी सुटलो, ज्वाळा विझली.

पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बघ, माझ्या हाताला निदान थांबायचं कळायचं," बाबा म्हणाले. त्यांनी हातमोजे खुंटीला अडकवले. "उद्यापासून मी येत नाही, सूनबाई. तू आणि तुझी डबी काय ते बघा. मी उगाच पायात पायात येतो."

"बाबा, आजचा दिवस तर थांबा."

तिने माझी टोपी काढली, टिकल्या पुसल्या, मीटर लावून तपासलं. मी ठणठणीत होतो. मग ती टेबलाखाली वाकली आणि तशीच थबकली. प्लाझ्मा पेटताना जाड केबलमधून विजेचा मोठा धक्का जातो, आणि शेजारच्या बारीक तारा त्या धक्क्याने गडबडून कंट्रोलरला गोठवतात. म्हणूनच तिने त्या दूर दूर सोडल्या होत्या. बिघाडाचं कारण तिला समजलं होतं, पण बंध कापायला तिचा हात पकडीकडे जाईना. त्या टेबलावर बाबांच्या हातचं तेवढं एकच काम होतं. ती उठली आणि उगाच कंट्रोलरचे स्क्रू घट्ट करू लागली.

बाबा दाराशी उभे राहून बघत होते. जन्मभर लोखंडाशी झगडलेल्या माणसाला, समोरचा कशाला बगल देतोय, ते कळतं.

"माझे बंध आड येताहेत ना?"

सूनबाई स्क्रूच फिरवत राहिली.

"अगं, मग बोल की! मी काय रुसून बसणार आहे?" त्यांनी पकड घेतली, खाली बसले आणि स्वतःच एकेक बंध कापू लागले. पकड घसरत होती, पण सूनबाईने मध्ये हात घातला नाही. सगळे कापून झाल्यावर ती म्हणाली, "आता पुन्हा बांधा. पण दोन जुड्या करा. जाड केबल या कडेने, बारीक तारा त्या कडेने. मला असं सुबक जमत नाही, बाबा." यात खोटं काही नव्हतं. तिची बांधणी खरोखरच गबाळी असते.

दोन जुड्या झाल्या. सूनबाईने संगणकात नक्षीचं एक पान उघडलं. बाबांनी तरुणपणी फाटकासाठी कापलेल्या पानावरून तिने ते उतरवून घेतलं होतं.

"देठाशी वाकडं आहे ते," बाबा म्हणाले.

"तुम्हीच तसं कापलं होतं. मी सरळ केलं नाही."

बाबांनी पडद्यावरच्या त्या देठावरून बोट फिरवलं. मग त्यांनी खुंटीवरचे हातमोजे काढले.

"सुरू करायचं बटण तुम्ही दाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे, माझ्या टिकल्या काळवंडल्या आहेत, आणि लवकरच माझ्या जागी दुसरा येईल. त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की जुन्या वस्तूला खणात टाकण्याआधी एकदा टोपी काढून बघा, पुसा, तपासा. आणि घरात कोणाचे हात थरथरू लागले, तर त्यांच्याकडून कामं काढून घेण्याची घाई करू नका. त्यांच्यासाठी टेबलच थोडं वेगळं बांधा.

त्या संध्याकाळी बाबांचं बोट बटणावर टेकलं, तेव्हा ते थरथरत होतं. मी एकदाच वाजलो, आणि पान देठापर्यंत सलग कापलं गेलं.