नावाची जागा

डोळे मिटा आणि डाव्या काखेत एक ढोल धरा. डमरूसारखा, मध्ये बारीक, दोन्ही तोंडांना चामडं आणि एका चामड्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेल्या वाद्या. आता काख आवळा. आवाज चढला. सैल सोडा. उतरला. नायजेरियातली योरुबा भाषा बोलताना माणसाचा सूर असाच चढतो-उतरतो, म्हणून हा ढोल वाजला की ऐकणाऱ्याला त्यातून शब्द कळतात. उजव्या हातात बाकदार काठी घ्या. झालं? मग आता तुम्ही दहा वर्षांच्या तोलासारखे उभे आहात. लंडनमधल्या थेम्समीडच्या चर्चचा हॉल आहे, रविवारची दुपार आहे, आणि तालीम मध्येच सोडून तुमचे बाबा फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आहेत.

बाबा फोनवर बोलताना नेहमी हॉलभर फिरत, हात उडवत, मोठ्याने हसत. आज ते भिंतीवरचा एक पोपडा नखाने खरवडत होते.

"कधी?" ते म्हणाले. मग, "किती जण?"

"वाले, स्पीकरवर टाक," अंकल दिरन म्हणाले. ते बँडचे गायक. बाबांचं पूर्ण नाव आयानवाले, पण त्यांना वाले म्हणणारे ते एकटेच.

फोन खुर्चीवर ठेवला गेला. आवाज आत्याचा होता. तोलाची आत्या नायजेरियात ओके-इरेती नावाच्या गावात निवासी शाळा चालवते. त्या शाळेच्या भिंती, बाकं, मास्तरांचे पगार, सगळं बाबांचा बँड इथे लग्नाबारशांत वाजवून पाठवतो. आत्या एरवी इतक्या मोठ्याने बोलते की बाबा म्हणतात, हिला फोन कशाला हवा. आज ती कुजबुजत होती.

"काल संध्याकाळी शेजारच्या गावात मोटरसायकली आल्या. अकरा. सगळ्यांकडे बंदुका. शाळांतली मुलं पळवून खंडणी मागणारे तेच. कुणाला मारलं नाही, काही नेलं नाही. फक्त विचारलं, लंडनवाले जिचं गाणं गातात ती ओके-इरेतीची शाळा कुठल्या वाटेला आहे?"

"मग?"

"गावाने सांगितलं, ती शाळा केव्हाच बंद पडली. लंडनवाल्यांनी हात आखडता घेतला, मुलं पांगली. त्यांनी ऐकून घेतलं आणि गेले. खरं वाटलं की नाही, देव जाणे. मी रात्रीच पाटी खरवडून काढली. आज घंटा दिली नाही, चूल पेटवली नाही. उद्या उजाडताच शहरातून ट्रक येतोय, त्यात मुलांना घालून पाठवते. तोवर आम्ही इथे नाही. कळलं ना? आम्ही इथे नाहीच."

"आम्ही काय करू?" बाबांनी विचारलं.

"नाव घेऊ नका. तुमच्याकडे गाणं झालं की तासाभरात आमच्या बाजारात प्रत्येक फोनवर वाजत असतं. आज तुम्ही शाळेचं नाव वाजवलंत, तर गावाचं खोटं उघडं पडेल."

तोला फोनजवळ वाकली. "आत्या, रिसी कुठंय?"

रिसी आत्याची मुलगी, तोलाच्याच वयाची. गेल्याच महिन्यात तिने निरोप पाठवला होता, 'तुझ्या बाबांचं गाणं आमच्याकडे केस कापणारासुद्धा लावतो!' आणि तोलाने तो निरोप वर्गातल्या सगळ्यांना ऐकवला होता.

"इथेच आहे, माझ्या मांडीला टेकून. बोलणार नाही ती. सगळ्यांना गप्प बसवलंय मी."

शहाऐंशी मुलं एका खोलीत होती आणि फोनमधून त्यांतल्या एकाचाही आवाज येत नव्हता. एकदा कुणालातरी खोकला आला, आणि कुणीतरी तो लगेच हाताने दाबला.

फोन बंद झाल्यावर बाबा खुर्चीवर बसले.

"ते गाणं मी बांधलं," ते म्हणाले.

"आपल्यात एखाद्याचं नाव वाजवणं म्हणजे त्याला मान देणं. आजोबापणजोबांपासून हेच करत आलोय आपण. तू काय पाप केलंस?" अंकल दिरन म्हणाले.



"लोकांना आधीच सांगू या का?" तोलाने विचारलं.

"तीनच्या कार्यक्रमाला दोनशे माणसं येणार, बाळा, आणि शंभर फोन," अंकल दिरन म्हणाले. "'नाव घेऊ नका' एवढं म्हटलं तरी ते तिकडे पोचेल. आपण ते गाणं गाळू. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

लक्षात आलं. तीनला हॉल भरला. मिरची-टोमॅटोतल्या भाताचे डबे मागच्या टेबलावर लागले. पहिली चार गाणी झाली तोवर इया शुकुराने दोनदा घड्याळ पाहिलं होतं. इया शुकुरा, म्हणजे शुकुराची आई, बाजारात सुरण आणि सुकी मासळी विकते आणि सगळ्यांना आपलं लेकरू समजते. पाचव्या गाण्यानंतर ती डोक्याचं फडकं सावरत उभी राहिली.

"दिरन! दोन बस बदलून आलेय मी. आपल्या शाळेचं गाणं कुठंय?"

"आज नाही, इया. घसा बसलाय."

"घसा कसला बसतोय! पोट सुटलंय तुझं, ते वर ढकलतंय." हॉल हसला. "आणि तुझा बसला असेल, ढोलाचा तर नाही ना बसला?"

ती टाळ्या वाजवू लागली. दोन लांब, तीन आखूड. त्या गाण्याचा ठेका. शेजारणीने उचलला, मग तिच्या मागच्या रांगेने. अंकल दिरन हात हलवून नको नको म्हणत होते, लोकांना ती त्यांची नेहमीची थट्टा वाटली. फोन वर झाले. समोरचा अख्खा हॉल छोट्या छोट्या उजेडांनी भरला, आणि बायकांनी गाणं स्वतःच सुरू केलं.

*टेकडीवर दिवा लावला कुणी?*
*पोरांच्या हाती अक्षर दिलं कुणी?*

यानंतर ढोल एकटा बोलतो. तो नाव सांगतो आणि मग सगळे ते नाव ओरडतात. गाण्यात असं तीनदा होतं. पाच वर्षांत बाबांचा हात इथे एकदाही चुकला नव्हता.

तोला बाबांच्या शेजारी उभी होती, काखेत तिचा लहान ढोल. बाबांची काठी वर गेली होती आणि वरच राहिली होती. त्यांच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, तो त्यांनी पुसला नाही. गाण्यात नावाची जागा आली आणि रिकामी पडली.

हॉल थांबला. एक टाळी मागून चुकून पडली.

इया शुकुरा बाबांकडे बघून हसली. धडा विसरलेल्या मुलाला पहिलं अक्षर सुचवावं, तशी ती मायेने पुढे वाकली. तिचे ओठ गोल होताना तोलाला दिसले. ओ. ओके-इरेतीचा ओ.

तोलाला त्या खोलीतला दाबलेला खोकला आठवला.

ढोल वाजवणाऱ्या आयान घराण्यात मूल सगळ्यांत आधी एकच गोष्ट वाजवायला शिकतं, आपलं स्वतःचं नाव. बाबा तिला जेवायला बोलावत तेही सज्ज्यातून ढोलावर. खालच्या बाईंनी त्याबद्दल दोनदा चिठ्ठी लिहून तक्रार केली होती. या हॉलमध्येच तिचं बारसं झालं होतं, आणि तेव्हा तिला मांडीवर घेऊन बसली होती इया शुकुराच. इथल्या प्रत्येकाला ते नाव ढोलावर ओळखता येत होतं.

तिने काख आवळली आणि काठी मारली.

*आयानतोला.*

इया शुकुराचे ओठ तसेच राहिले. मग ती हसत सुटली. "अगं बाई! ही बघा, स्वतःचंच!" आणि ढोल जे बोलेल ते परत बोलायची सवय असलेला तो हॉल एका आवाजात ओरडला,

"आयानतोला!"

अंकल दिरन यांनी डोळे मिटले आणि लगेच पुढची ओळ उचलली. बसलेला घसा आता मोकळा होता. बाबा मात्र तोलाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. मघाशी भिंतीकडे तोंड करून उभे असताना त्यांचा चेहरा असाच असणार, असं तिला वाटलं.

मग तिने समोर पाहिलं, आणि तिला कळलं. सगळे फोन तिच्याकडे वळले होते. तासाभरात हे नाव तिकडच्या बाजारात वाजेल. केस कापणाराच्या दुकानात वाजेल. मोटरसायकल थांबवून कुणीतरी ऐकेल आणि विचारेल, ही आयानतोला कोण? कुठे राहते? थेम्समीड फार लांब आहे हे तिला माहीत होतं. पण गाणं इथून तिकडे तासाभरात जातं हेही तिला माहीत होतं. हॉलचं मागचं दार कुणीतरी हवेसाठी उघडं ठेवलं होतं, आणि बाहेर रस्त्यावर एक मोटरसायकल गुरगुरत गेली. बहुधा कुणाचं तरी जेवण पोचवायला. तोलाचा काठी धरलेला हात घामाने निसरडा झाला.

बायका दुसऱ्या कडव्याच्या शेवटाशी आल्या होत्या.

*पोरांच्या हाती अक्षर दिलं कुणी?*

बाबांनी मान हलवली. नको. अगदी थोडीशी, तिला एकटीलाच दिसेल एवढी. आणि तिच्याऐवजी स्वतःचं नाव वाजवायला त्यांनी काठी वर घेतली.

तोलाने हात फ्रॉकला पुसला, एक पाऊल पुढे होऊन बाबांच्या समोर उभी राहिली आणि पहिल्यापेक्षा जोरात आपलं नाव वाजवलं.