काळ्या चित्रासमोरची ढोलकी

मी एक जुनी ढोलकी आहे. देवरूखजवळच्या एका वाडीतल्या जाखडी नाचाच्या मंडळात राहते. फणसाच्या लाकडातून मला कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि मंडळातल्या ढोलकीवाल्या आप्पांच्या मांडीवर दिलं. मित्रांनो, मार खाण्यासाठीच माझा जन्म. पण आप्पांचा हात असा, की मार खाऊनही मला माज चढायचा.

आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. दोन मंडळं समोरासमोर उभी राहतात. एका शाहिराने दुसऱ्याची उणीदुणी गाण्यातून काढायची, पायांत चाळ बांधलेल्या पोरांनी फेर धरून नाचायचं, मग दुसऱ्याने ते सव्याज परत करायचं. शेवटी सगळे एकत्र बसून चहा पितात. आमचा शाहीर सुजय यात पटाईत. त्याची जीभ म्हणजे कोयता.

वाडीत मथुरा राहते. तिचा नवरा मुंबईला नोकरीला गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. तेव्हापासून जो तो तिला 'टाकलेली' म्हणायचा. ती चुलीतल्या कोळशाने कागदावर चित्रं काढू लागली. रंग नाहीच, नुसतं काळं-पांढरं. यंदा देवरूखला तिच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. आता तरी लोक आपल्याला चित्रं काढणारी म्हणतील, एवढीच तिला आस होती. ठेवणीतली साडी नेसून ती पहिल्या रांगेत बसली.

आयोजकांनी आमच्या मंडळाला बोलावलं. चित्र पाहून जे सुचेल ते गा, नाचा, असं सांगितलं. व्यासपीठावर एक मोठं चित्र मांडलं होतं. दाराच्या चौकटीत पाठमोरी उभी बाई. आमच्या लोकांना समोर कोणी दिसलं, की तो प्रतिपक्षच वाटतो. सुजयने चित्र न्याहाळलं, कानावर हात ठेवला आणि सुरू केलं:

"दारात उभी गो, बघते वाट,
मुंबईत लाविला धन्यानं पाट!"

सभागृह खदखदून हसलं. शिट्ट्या पडल्या. पोरांनी पाठमोऱ्या बाईची नक्कल करत फेर धरला. आप्पांचा हात थबकला. सुजयने डोळे वटारले आणि मला पुन्हा थापा बसू लागल्या. मी घुमले. कधी नव्हे ती मला माझ्या आवाजाची किळस आली.

मथुरा उठली, वर आली आणि पदराने चित्र पुसू लागली. कोळसाच तो. आधी बाई गेली, मग चौकट गेली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी उभं राहून टाळ्या पिटल्या.

खाली उतरल्यावर सुजय तिला म्हणाला, "वैनी, राग मानू नुको. सामन्यात असं बोलायचंच असतं."

"सामना?" मथुरा म्हणाली. तिचे हात काळे झाले होते. "मंग माज्या बाजूनं कोण गात व्हता?"

आप्पांनी मला पोत्यात घातलं.

मित्रांनो, त्या कार्यक्रमाची मोबाइलवर फार वाहवा झाली. आता चिपळूणहून आमंत्रण आलं आहे. शेवटी बाई चित्र पुसते ते हवंच, असा निरोप आहे. मथुरा घराबाहेर पडत नाही, म्हणून तिच्या जागी एका पोराला साडी नेसवायचं ठरलं आहे. तालमी सुरू आहेत.

जुन्या वस्तू तुमच्याकडे जपणूक मागतात. मी मागत नाही. चिपळूणच्या आधी कोणी माझं कातडं फाडलं, तर मी त्याचे उपकार मानीन.