झाकलेलं दुखणं

पोट फुगलं की गॅस झाला म्हणायचं आणि गरम चहा प्यायचा, ही रीत किर्गिझस्तानातल्या नारीनच्या घरांतही आहे. बातमाने तेच केलं. स्कर्टचं बटण लागेना, दोन घासांत पोट भरायला लागलं, तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीने, आयसुलूने, तिला जवळजवळ ओढतच राजधानीत, बिश्केकला नेलं. ऑपरेशन झालं. अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तोही पोटभर पसरलेला.

डॉक्टर गुलबारांनी या बहिणींच्या आईला, सोनुनबूबूला, विचारलं, घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का? सोनुनबूबूने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, आई यकृताच्या दुखण्याने गेली, बहीणही त्यानेच.

"दोघींच्या पोटात पाणी भरलं होतं का?"

म्हातारी घाईने उठून दाराकडे निघाली. आयसुलूला आठवलं: आजीच्या अखेरच्या दिवसांत नातींना त्या खोलीत पाऊलही टाकू देत नसत.

बाहेर आल्यावर तिने आईला गाठलं. दोघींना अंडाशयाचाच रोग होता, हे सोनुनबूबूने कबूल केलं, पण वर तिलाच दटावलं. बातमाच्या मुलीला, मेरगुलला, सासरचे लोक कानात डूल घालायला येणार होते. सोयरीक पक्की व्हायची होती.

"एकदा डूल पडू देत कानात, मग काय बोंब मारायची ती मार. रक्तात रोग आहे म्हटल्यावर पोरीला कोण दारात उभं करेल?"

आयसुलूने तिला हाताला धरून पुन्हा डॉक्टरांसमोर बसवलं.

"आजी," गुलबारा म्हणाल्या, "हा एकच रोग नव्हे. कोवळ्या मुलींना होतो तो बीजपेशींतून निघतो, आणि बहुतेकदा बरा होतो. गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढतं, त्यातूनही काही प्रकार होतात. बातमाचा प्रकार सगळ्यात जास्त आढळणारा. तो बहुधा अंडाशयात सुरूच होत नाही. गर्भनलिकेच्या टोकाला झालर असते, तिथे पेशी बिघडते, वर्षानुवर्षं गुपचूप राहते, मग अंडाशयावर नि पोटात सांडते. तोवर आम्हाला पत्ता लागत नाही. पण घराण्यात दोष उतरतोय हे कळलं, तर मुलंबाळं झाल्यावर नळ्या आणि अंडाशय वेळेत काढता येतात. हे आम्हाला तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"लोक काय म्हणतील?"

"तुमची लेक काय म्हणते, ते विचारलंत का?"



पाहुणे ठरल्या दिवशी आले. बातमा आतल्या खोलीत निजली होती. बोर्सोकचे तळलेले गोळे पुढे झाले, चहा झाला, आणि मेरगुलच्या होणाऱ्या सासूने सहज विचारलं, विहीणबाईंना नेमकं झालंय तरी काय?



"यकृ..." सोनुनबूबूने सुरुवात केली. मग तिची नजर नातीकडे गेली. "नाही. अंडाशयाचा कॅन्सर आहे. माझ्या आईला होता, बहिणीलाही. मी जन्मभर खोटं बोलले. या पोरीचीही तपासणी करायची आहे. डूल घालायचे तर हे ऐकून घाला."

सासूने डुलांची डबी हळूच पर्समध्ये ठेवली. घरी विचारून कळवतो म्हणाली आणि उठली.

दार लागलं तशी सोनुनबूबू अंग चोरून बसली. आता नात सोयरीक मोडल्याचा दोष देईल, असं तिला वाटलं. मेरगुल समोर येऊन बसली. 

"आजी, हे आईला आधी सांगितलं असतंस तर?"

  सोनुनबूबूने फोन मागितला आणि तलासला राहणाऱ्या, आपल्या मेलेल्या बहिणीच्या मुलींना एकेक करून सगळं सांगितलं. थोरली झूरा आधी चिडली, मग रडली, आणि शेवटी रक्त तपासून आली. दोष उतरला होता. तिची मुलं मोठी झालेली, तेव्हा तिने ऑपरेशन करून घेतलं. काढलेल्या नळीच्या झालरीत रोगाची अगदी पहिली सुरुवात सापडली. बाहेर कुठेच पसरलेला नव्हता.

बातमाचे उपचार अजून चालू आहेत. तिचं काय होईल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. सासरकडून निरोप आलेला नाही, आणि मेरगुल वाटही बघत नाही.

मंडळी, अब्रू सांभाळायची म्हणून आपण घराघरांत बायकांची दुखणी झाकून ठेवतो. त्या पांघरुणाखाली बाई सुरक्षित राहत नाही, रोग तेवढा राहतो. आपली आई, मावशी, आजी कशाने गेली, हे आपल्या लेकींना आजच सांगा.