दरडीतला मासा

"भरत, थांब रे! दात हायेत त्या दगडात!"

सुरेंद्रने डंपरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, तसं भरतने पोकलेन थांबवलं. जॉर्डनच्या वाळवंटातल्या या फॉस्फेटच्या खाणीत दोघे कामाला होते, एकाच खोलीत राहत. भरत शेणवे गावचा, सुरेंद्र मुरबाडकडचा. समोरच्या पांढऱ्या दरडीत भलामोठा जबडा उघडा पडला होता. त्यामागे मणक्यांची रांग, एकेक मणका ताटलीएवढा.

"मासा हाय," सुरेंद्र खाली उतरत म्हणाला. "फोरमन सांगत होता, करोडो वर्षांमागं इथं समुद्र होता. फोटो काढ माझा. आयेला धाडतो."

"दरडीखाली नको. मागं ये."

"काढ रे, आलोच."

भरतने फोटो काढला. मोबाइल खाली करेपर्यंत दरड सुरेंद्रवर कोसळली.

तो पोकलेनवर चढला आणि खोदत सुटला. बकेटखाली जबडा फुटला, मणके फुटले. मग सुरेंद्रला लागेल म्हणून मशीन सोडून त्याने हातांनी दगड उपसले. सुरेंद्र सापडला तेव्हा अंग गरम होतं, श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिथेच काम सुरू झालं. भरतला शवपेटीबरोबर सुरेंद्रच्या गावी पाठवलं.

गावकऱ्यांनी पेटी उघडू दिली नाही, बंदच सरणावर ठेवली. सरण विझल्यावर सुरेंद्रची आई, धोंडूबाई, ओटीवर भरतसमोर येऊन बसली.

"काय बघाया उभा होता रे तो?"

 भरतने मोबाइलमधला फोटो पुढे धरला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हसतोय," ती म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. "आन मागं ही हाडं?"

"मासा हाय, मावशी. लय जुना. मानूस नव्हता तवाचा."

"एवढा जुना! मग ठेवलाय ना कुनी सांभाळून?"

"नाय. खतासाठी दगड दळत्यात, त्यासंगं तो पन दळला."

तिने मोबाइल परत दिला.

"तू परत जाशील तिथं?"

"दुसरं काय हाय, मावशी?"

 सुतकात घरची चूल बंद होती. शेजारणीने झाकून ठेवलेली भाकरी धोंडूबाईने आतून आणली आणि मोडून त्याच्यापुढे ठेवली.

"खा. लांब जायचंय तुला."

भरत मान खाली घालून जेवू लागला. शेवटचा घास उतरेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.