टाकीतल्या प्रार्थना

“टेप भाजायची? पावासारखी?” बाबांनी विचारलं.

“भाजायची नाही हो, शेकायची. मंद उष्णतेवर, दिवसभर. टेपवरचा चिकट झालेला थर तेवढ्यापुरता घट्ट बसतो. मग लगेच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची.”

“आणि नाही बसला तर?”

“तर आवाजासकट सगळं खरवडून निघेल.”

मी ज्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिथला एक इन्क्युबेटर, ठरावीक उष्णता राखणारी पेटी, सुट्टीच्या दिवसापुरता मागून घेतला होता. बाबांनी जन्मभर पंप दुरुस्त केले. त्यामुळे काट्यावरचं तापमान त्यांनी स्वतः वाकून पाहिल्याशिवाय मला दार लावू दिलं नाही.

तरुणपणी बाबा, काका आणि दोन मित्रांनी एक रेकॉर्ड काढली होती. प्रार्थनेचे शब्द गिटारबरोबर गायला प्रार्थनागृहातल्या वडीलधाऱ्यांनी मनाई केली, म्हणून यांनी शब्द वगळून नुसत्या चाली वाजवल्या. घुमारा हवा म्हणून बाबांनी पाण्याची एक मोठी टाकी रिकामी करून तिच्यात स्पीकर आणि माईक सोडला. रेकॉर्ड कोणी घेतली नाही. आता इतक्या वर्षांनी जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या एका गृहस्थांना ती भंगारात सापडली होती आणि ती त्यांना नव्याने काढायची होती. त्यासाठी बाबांकडे पडून असलेली मूळ टेप हवी होती.

“ते गृहस्थ याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, गुंगवून टाकणारं संगीत,” मी सांगितलं.

“म्हणू देत. तेव्हा आमच्या आईनं तर याला कटकट म्हटलं होतं.”

रेकॉर्डचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. त्यांना हवा होता काकांचा आवाज. काका ड्रम वाजवायचे आणि प्रत्येक चालीआधी मोठ्याने चार अंक मोजायचे. त्याच वर्षी ते तापाने गेले. फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. “रेकॉर्डवर मोजणं नाही,” बाबा म्हणाले, “पण मूळ टेपवर असणारच. मोजल्याशिवाय सुरू कसे होऊ?”

संध्याकाळी टेप यंत्रावर चढवली. थर टिकला होता. सुरुवातीला आवाज नसलेल्या पांढऱ्या पट्टीचा तुकडा सरकत गेला, मग टेप कापून चिकटवलेला तिरका जोड, आणि थेट ड्रम. टाकीतून आल्यासारखा, खोल. पाठोपाठ बाबांचा ऑर्गन.

“मागे घे.”

मी घेतली. पुन्हा पांढरी पट्टी, जोड, ड्रम.

“पुढची चाल लाव.” तिथेही तसंच. तिसऱ्या जोडापाशी बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टेपवर वाकले.

“हा काप माझा आहे,” ते म्हणाले. “असा तिरका मीच कापायचो. विसरलोच होतो गं. प्रार्थनेच्या आधी फालतू बडबड कशाला, म्हणून ब्लेडनं सगळं काढलं मी. आणि तो नुसतं मोजायचा थोडाच! तीन म्हटलं की मध्येच काहीतरी वात्रट बोलायचा. मला हसू यायचं.”

“तुकडे कुठे टाकलेत?”

“झाडून काढले.”

थर टिकून होता तोवरच टेप उतरवून घ्यायची होती, म्हणून मी घेत राहिले. पडद्यावर आवाजाची रेघ उमटत होती. पहिल्या ड्रमच्या अगदी आधी तिच्यावर एक बारीक उंचवटा दिसला. मी तेवढाच भाग मोठा करून लावला. कोणीतरी श्वास आत घेतला होता. किंचित शिट्टी वाजल्यासारखा.

“धाकटा,” बाबा लगेच म्हणाले. “नाक कायम चोंदलेलं असायचं त्याचं. किती औषधं केली आईनं.”

मी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. बाबा दर वेळी हात वर करून ड्रमच्या आधीच थांबवायला लावत होते.

शेवटी ते खुर्चीत सरळ बसले. दोन्ही हात त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवले, बोटं ऑर्गनवर ठेवावीत तशी.

“मी चार म्हटलं की लाव,” ते म्हणाले. “एक. दोन. तीन.” इथे ते थांबले. काही आठवतंय का पाहत असावेत. “चार.”

मी कळ दाबली. काकांनी श्वास घेतला आणि ड्रम सुरू झाला. नंतर ऑर्गनही आला, पण टेबलावरची बोटं हलली नाहीत.