पूर्वेचं दार

मागं सोडून आलेल्या इंग्लंडमधल्या खेड्याची हुबेहूब नक्कल करून गोऱ्यांनी ॲल्डरफर्ड वसवलं. एक चर्च, एक पब, एक बँक आणि मधून जेमतेम दोन बग्ग्या जातील एवढा रस्ता. पुढं चर्चमध्ये कुणी बेडरूम काढल्या, पोस्टात योगाचे वर्ग आले आणि बँकेत पुण्याच्या मुग्धाची फार्मसी. २०११च्या भूकंपात बँकेला लागून असलेलं खाटकाचं दुकान खिळखिळं झालं, म्हणून ते पाडून तिथं पार्किंग केलं. विटांच्या या म्हाताऱ्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या होत्या, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

ठाऊक होतं ते समोर दूध-पाव विकणाऱ्या डेअरीतल्या जोनला. त्या उघड्या पडलेल्या भिंतीत खिळासुद्धा ठोकू नकोस, सगळं छप्पर आता तिच्यावर आहे, असं तिनं मुग्धाला बजावलं होतं.

मग सासरे आले. मोरेश्वरांनी दुकानाचं दार दक्षिणेला पाहिलं. यमाच्या दिशेला तोंड करून औषधं विकायची? दक्षिण गोलार्धातल्या या देशात सूर्य उत्तरेकडून तळपत असला, तरी यमानं काही पत्ता बदललेला नव्हता. मुग्धानं जोनचं म्हणणं सांगून पाहिलं. पण तिचा नवरा ऋतुराज वडिलांपुढं कायमचा मुका, आणि सुनेला विचारतो कोण! कुणाची परवानगी न घेता एका वीकेंडला त्याच भिंतीत पूर्वेचं दार पाडलं गेलं. दक्षिणेच्या दारापुढं व्हिटॅमिनचं कपाट आलं.

गिऱ्हाईक वाढलं. दारातच पार्किंग मिळाल्यावर वाढणारच, पण श्रेय वास्तूला गेलं. मग नव्या दाराच्या वर भिंतीला भेग पडली. मोरेश्वरबाबांनी ती लांबी भरून बुजवली. ती परत उमटली, तेव्हा त्यांनी तिथं गणपती बसवून मोठं तोरण लावलं. मुग्धाला भीती वाटायची, आणि घरात उगाच वाद नको म्हणून ती गप्प बसायची.

२०१६च्या मार्चमध्ये एका दुपारी जमीन हलली. धक्का छोटासाच होता. दुकानात मुग्धा आणि बाबा दोघंच होती. पूर्वेचं दार चौकटीत घट्ट अडकलं आणि वर विटा करकरू लागल्या. मुग्धानं कपाट ढकललं, बाटल्या फुटल्या, दक्षिणेचं दार उघडलं. बाबांचा हात धरून ती फुटपाथवर उतरली. ते उंबऱ्यावर अडले.

"बाबा, याच दारानं या. एकदा तरी माझं ऐका."

त्यांनी पाऊल उचललं. आजवर त्यांनी तिचं कधी ऐकलं नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं, की तिची पकड सैल झाली.

"गणपती राहिला गं त्या दारावर," ते म्हणाले आणि मागं वळले.

शर्टाची बाही तिच्या बोटांतून निसटली. ती आत धावणार तोच समोरून धावत आलेल्या जोननं तिला मागून घट्ट धरलं.

धूळ खाली बसली, तेव्हा दक्षिणेचं दार धडधाकट उभं होतं. पूर्वेची भिंत छपरासकट कोसळली होती, आणि त्या दारातून थेट पार्किंगमधल्या गाड्या दिसत होत्या. मुग्धा बाबांना हाका मारत राहिली.