पहिली फुंकर वाजली नाही

मित्रांनो, माझ्या पोटात एक मणी आहे. बुचाचा, हरभऱ्याएवढा. कुणी माझ्यात फुंकर घातली की तो गरगर फिरतो आणि माझा आवाज माळाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. मणी अडकला, तर मी नुसता पितळेचा मुका तुकडा.

मी एक जुनी शिट्टी आहे. कोल्हापुरात, कळंब्याच्या पुढे, गारगोटी रस्त्यापासून थोडं आत एका क्लबचं नेमबाजीचं मैदान आहे. माझं सगळं आयुष्य तिथे गेलं.

माझा जन्म पत्र्याच्या कातरकामात झाला. ठोकाठोक, सांधे जोडणारा डाग, पॉलिश, आणि मग एका पुठ्ठ्यावर बारा बहिणी ओळीने शिवल्या गेल्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही टांगलेल्या होतो. एक बहीण शाळेत गेली, एक कुस्तीच्या पंचाबरोबर गेली. आपल्याला कोण नेणार, याची मला फार उत्सुकता होती. एके दिवशी ताठ मानेचे, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ आले. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, "मणी मोकळा हाय. हीच द्या."

ते केरबा कांबळे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि मैदानाची सुरक्षितता सांभाळणारे अधिकारी.

पहिल्या दिवशी मला काहीच कळेना. पन्नास मीटरवर कागदाची पांढरी लक्ष्यं, त्यांच्यामागे दोन पुरुष उंच मातीचा बांध, आणि अलीकडे दहा जणांची पालथी पडलेली रांग. एवढी माणसं एकत्र, तरी कुणी बोलत कसं नाही? गोळी सोडण्याआधी सगळ्यांचा श्वास का थांबतो? मी तर श्वासावर जगणारी. मला ते मोठं कोडं वाटायचं.

हळूहळू केरबांच्या तोंडून उलगडा झाला. नव्या मुलांना ते एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत. "बंदूक रिकामी हाय, असं कुणी सांगितलं तर इश्वास ठेवायचा न्हाय. सोता उघडून बघायची. नळीचं तोंड कायम बांधाकडं. बोट घोड्यावर कवा? नेम लागल्यावर. आनि ही वाजली," असं म्हणत ते मला वर धरायचे, "की जिथं आसशीला तिथं थांबायचं. बोट बाहेर, बंदूक उघडी, खाली ठेवून मागं सरायचं. का वाजली, ते मागनं इचारायचं."

ही गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी, पण वाट मोकळी मिळाली तर मैलभर जाते, हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

रोज सकाळी ते गोळीबार चालू असल्याची खूण म्हणून लाल बावटा चढवण्याआधी कुंपणाभोवती एक फेरी मारत. मग रिकाम्या मैदानाकडे तोंड करून मला एकदा वाजवत. बांधावरच्या साळुंक्या उडाल्या की म्हणत, "चला, बोलतीया." ते माझे मानाचे दिवस होते. मी त्यांच्या गळ्यात असायची. पाहुणे आले की मला हातात घेऊन बघायचे.

मग मैदानावर माइक आणि कर्णे आले. सूचना माइकवरून जाऊ लागल्या. मी फक्त अडीअडचणीसाठी उरले. सकाळची फुंकर आधी एक दिवसाआड झाली, मग आठवड्याने, मग बंदच पडली. माझी दोरी तुटली तेव्हा केरबांनी मला खिशात टाकलं. नवी दोरी राहूनच गेली. त्यांच्या त्या खिशात बऱ्याचदा भडंगाची पुडी असायची. तेल, तिखट, शेंगदाण्याची सालं, सगळं माझ्या अंगाला लागत होतं. मी कुणाला सांगणार?

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. माळावर गवत कमरेएवढं वाढलेलं. सकाळी लक्ष्यांच्या दोन चौकटी मोडलेल्या सापडल्या, त्या ठोकण्यात केरबांचा वेळ गेला. तेवढ्यात क्लबचे सचिव तात्यासो मगदूम घाईघाईने आले.

"केरबा, पाहुणे आले की हो. बावटा चढवा."

"फेरी राहिलीया तात्यासो."

"कालच मारलीय की. चढवा."

केरबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी बावटा चढवला आणि तपासणीच्या वहीत सही केली.

त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष अक्षता भोसले या मुलीवर होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची, चार वर्षं केरबांच्या हाताखाली शिकलेली. साठ गोळ्यांचा डाव. चोपन्न झाल्या आणि ती पहिली होती. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या जिल्ह्याच्या संघात तिचं नाव लागणार, हे जवळपास ठरलं होतं. पंचावन्नाव्या गोळीसाठी तिने श्वास सोडला, अर्धा धरला.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या केरबांना बांधाच्या उजव्या टोकाला गवत हललेलं दिसलं. मग हिरवं लुगडं दिसलं. एक बाई डोक्यावर भारा घेऊन लक्ष्यांच्या बाजूलाच उभी राहत होती.

माइक वीस पावलांवर होता. केरबांनी खिशात हात घातला, मला ओठांना लावलं आणि जीव खाऊन फुंकलं.

मी वाजले नाही.

शेंगदाण्याचं एक तेलकट साल मण्याला चिकटलं होतं. माझ्यातून नुसता फुस्स वारा गेला. केरबा "थांबा!" म्हणून ओरडले, पण सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं होती. त्यांनी मला तळहातावर दोनदा आपटलं आणि पुन्हा फुंकलं. या वेळी मी वाजले, आयुष्यात वाजले नव्हते इतकी मोठ्याने वाजले. आणि माझ्या आवाजापाठोपाठ, डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच, एक बार उडाला.

बाई गवतात दिसेनाशी झाली.

नऊ बंदुका खाली ठेवल्या गेल्या. दहावीही ठेवली गेली. अक्षता उठून मागे सरली. सगळ्या बंदुका उघड्या आहेत, हे पाहिल्याशिवाय केरबांनी कुणालाही पुढे जाऊ दिलं नाही. तेवढा वेळ मला वर्षासारखा वाटला. मग ते स्वतः धावले. मी त्यांच्या मुठीत होते.

बाई भाऱ्याखाली बसली होती. तिला काहीही लागलं नव्हतं. गोळी अक्षताच्या कागदातून बांधात गेली होती, बाईपासून पंधरा पावलांवर.

"काय ओ हवालदार," ती खेकसली, "केवढ्यांदा वाजवताय! भारा पडला की माझा!"

 केरबा तिच्या शेजारी मटकन खाली बसले.

तासाभराने क्लबच्या खोलीत चौकशी बसली. तात्यासोंसमोर वही होती. पलीकडे केरबा, अक्षता आणि ती बाई. बायडाबाई तिचं नाव, शेजारच्याच वस्तीवरची.

"मला एवढंच सांगा," तात्यासो म्हणाले, "गोळी शिट्टीच्या आधी सुटली की नंतर? आधी असेल, तर अक्षताचा दोष नाही."

मित्रांनो, याचं उत्तर मला माहीत होतं. पण मला माझा श्वास नाही. दुसऱ्याने फुंकलं तरच मी बोलते. कोण काय सांगणार, या उत्सुकतेने मी टेबलावर पडून होते.

केरबांनी मला उचललं, काडीने ते साल बाहेर काढलं आणि वहीच्या पानावर ठेवलं. "पयल्या फुंकरीला वाजली न्हाय. वाजली आसती तर पोरीनं बोट उचललं आसतं. शिट्टी तपासायचं काम माझं. फेरी मारायचं काम बी माझं. फेरी मारली न्हाई आनि सही मात्र केली. दोष माझा लिवा."

तात्यासो लिहायला वाकले. अक्षता खाली मान घालून बसली होती. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"काका, दुसरी वाजली ती मला ऐकू आली," ती म्हणाली. "बारीक, पण आली. बोट दाबत आलं होतं. उचलता आलं असतं. वाटलं, एवढी एक सुटू दे, मग थांबतो."



"अगं, मग तुझं नाव कापावं लागेल," तात्यासो हळूच म्हणाले.

"कापा की."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. त्या वर्षी ती संघात गेली नाही. केरबांना हंगामभर मैदानाच्या कामातून बाजूला करण्यात आलं. दोन्ही नावं लिहून झाल्यावर तात्यासोंनी लेखणी खाली ठेवली नाही. कुंपणाला उजव्या टोकाला पावसाळ्यापासून भगदाड होतं आणि केरबांनी ते दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी घाईही तात्यासोंनीच केली होती. त्यांनी तिसरं नाव स्वतःचं लिहिलं.

"पण मावशी," अक्षताने डोळे पुसत विचारलं, "बावटा दिसला नाही का तुम्हाला? लाल?"

"न दिसाय काय झालं? दोन वर्सं बघतीया. त्येला हात जोडल्याबिगर गवताला इळा लावत न्हाई मी. कंच्या देवाचा हाय त्यो?"

 कुणाला हसू आलं नाही. बावटा आम्हा सगळ्यांना कळत होता, पण ज्यांच्यासाठी तो लावला होता, त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

भगदाड दुसऱ्याच दिवशी बुजलं. मोठ्या अक्षरांचा फलक लावायचं ठरलं, तर बायडाबाई म्हणाली, "आनि वाचायचा कुणी? म्हशीनं?" मग अक्षता स्वतः वस्तीवर गेली. घरोघरी फिरली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना मैदानावर घेऊन आली. बावटा म्हणजे काय, बांध कशासाठी, गोळी किती लांब जाते, हे तिने दाखवलं. केरबा पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसले होते. माझा मणी त्यांनी सोडा घालून धुतला होता आणि मला नवी दोरी ओवली होती. त्या दिवशी मी अक्षताच्या गळ्यात होते.

"कुणीही धोका बघितला तर थांबवायचं," ती सांगत होती. "अधिकारीच पाहिजे असं नाही. ओरडायचं, हात हलवायचा, शिट्टी मारायची."

"कुणीबी?" बायडाबाईने विचारलं. "मी फुकली तर ही समदी थांबतील?"

अक्षताने दोरी गळ्यातून काढली आणि मला तिच्या हातात दिलं. "फुका की मावशी."

रांगेत दहा जण नेम धरून पडले होते. त्यांत क्लबचे मोठमोठे सभासद होते. बायडाबाईने पदराने मला पुसलं, गाल फुगवले आणि फुंकलं. मणी गरगर फिरला. दहाच्या दहा बोटं बाहेर आली, बंदुका उघडल्या, खाली ठेवल्या गेल्या आणि माणसं मागे सरून उभी राहिली. का वाजली, ते कुणीच विचारलं नाही.

बायडाबाईने त्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आगं बया," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, मी लहान वस्तू आहे. वर्षानुवर्षं माझी गरज पडत नाही, म्हणूनच माझा विसर पडतो. तुमच्या शाळेतली वाळूची बादली, जिन्यातली आग विझवायची नळी, सायकलचा ब्रेक, या माझ्या बहिणीच. गरज नसेल तेव्हा आम्हाला एकदा हात लावून बघा, म्हणजे गरज लागेल तेव्हा आम्ही मुक्या राहणार नाही. आणि कुणी थांब म्हणालं, तर आधी थांबा. सांगणारं माणूस कोण आहे, ते नंतर बघा.